एक नंबरची जागा

मटार सोलता सोलता आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बोट वर केलं. पाच मिनिटं झाली, अशी ती खूण. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मुलीनं वाचता वाचताच मान हलवली आणि पान उलटलं.

परिषद सोमवारी होती आणि आज शनिवार. गेले दोन महिने मुलगी हा निबंध लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. मोठ्यानं वाचून पाहायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. वीस मिनिटांत संपवायचा. एकविसाव्या मिनिटाला अध्यक्षबाई घंटी वाजवतात, आणि घंटी वाजली की उरलेल्या निबंधाकडे कुणी ढुंकून पाहत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून आईला वेळ मोजायला बसवलं होतं. निबंध आईला कळलाच पाहिजे, अशी काही अट नव्हती.

मुलगी विज्ञानाचा इतिहास शिकवायची. शिकवायची म्हणजे तासावर. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, आणि सुट्टी लागली की कुठंच नाही. दर शुक्रवारी तिच्या विभागाचं एक पत्रक यायचं, ‘कार्यक्रम आणि संधी’ नावाचं. त्यात कार्यक्रम भरपूर असत. संधी मात्र बेताच्याच, आणि प्रत्येकीच्या शेवटी वयाची एक ओळ हमखास: पस्तिशीच्या आत. मुलीला पस्तीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. सोमवारी वाचल्या जाणाऱ्या निबंधांपैकी एकाला तीन वर्षांची अभ्यासवृत्ती मिळणार होती. ही हुकली तर पुढच्या शुक्रवारी पत्रक उघडायचं तरी कशाला, असं ती परवाच म्हणाली होती. म्हणताना हसली होती, पण आईला ते हसू काही पटलं नव्हतं.

“प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेतल्या अकरा वह्या आज उपलब्ध आहेत,” मुलगी वाचत होती. “पहिल्या तीन वह्यांत वजनांची प्रत्येक मालिका एक नंबरपासून सुरू होते. चौथ्या वहीपासून मात्र ती दोनपासून सुरू होते. अशा चारशे बारा मालिका आहेत. म्हणजे चारशे बारा वेळा पहिली नोंद गायब आहे.”

आईचा हात शेंगेवरच थांबला.

“या वह्यांवर उभी असलेली मूल्यं आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. चौथी वही सुरू झाली त्या वर्षी प्राध्यापकांचं नाव एका मोठ्या सन्मानासाठी चर्चेत होतं. नको असलेला आकडा गाळला की उरलेले आकडे छान जुळतात. निष्कर्ष कटू आहे, पण टाळता येत नाही. प्राध्यापकांनी प्रत्येक वेळी एक वजन लपवलं.”

मुलगी पुढं वाचत राहिली. शेवटचं पान संपवून तिनं वर पाहिलं.

“किती झाली?”

“अं?”

“मिनिटं गं! दहाचं बोट नाही, पंधराचं नाही. डोळा लागला होता की काय?”

“लागला असेल,” आई म्हणाली.

“बघा! हिला डुलकी लागते, तर त्या सभागृहात काय होईल! बरं, शेवटची ओळ तरी ऐक, ती तुझी आहे.” मुलीनं घसा खाकरला. “‘आणि माझ्या आईचे आभार, जिनं चौतीस वर्षं ही प्रयोगशाळा स्वच्छ ठेवली.’ कसं आहे?”

आईचे डोळे भरून आले. मुलीला वाटलं, त्या ओळीनं आले.

“वाचतेस छान,” आई म्हणाली. मग एक शेंग हातात घेऊन तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “हे सगळं तू कुणाला विचारलंस का गं?”

“कुणाला विचारणार? सर गेले त्याला वीस वर्षं झाली. त्या खोलीतलं आता राहिलंय तरी कोण?”

“खरंय,” आई म्हणाली, आणि सोललेले मटार पुन्हा एकदा निवडायला बसली.

*

रविवारी सकाळी मुलगी उठली तेव्हा आई बाहेर जायचे कपडे घालून, चपला पायात चढवून खुर्चीवर बसली होती. तिनं चहा करून ठेवला होता. आईनं कप खाली ठेवला की आवाज होत नाही, ही या घरातली जुनी थट्टा. भांड्याला भांडं लागू न देता ती अख्खा ओटा आवरायची. वडील होते तोवर म्हणायचे, हिच्या घरात चोर यायचा तर तोच दचकेल.

“मला ती तराजूची खोली दाखव,” आई म्हणाली.

“आज? रविवारी?”

“रविवारी गर्दी नसते. किल्ली आहे ना तुझ्याकडे?”

किल्ली होती. जुन्या उपकरणांची यादी करायचं काम मुलीकडेच होतं. पैसे न मिळणारी कामं तिच्याकडे आपोआप येत. आईला आपली जुनी जागा पाहावीशी वाटत असेल, असं समजून ती निघाली. आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून आई तिकडं फिरकली नव्हती.

जुन्या प्रयोगशाळेच्या तळघराच्या पायऱ्या उतरून मुलीनं कुलूप काढलं. ती दिव्याचं बटण चाचपडत होती, तेवढ्यात आईनं भिंतीकडे न बघताच हात घातला आणि दिवा लागला. लांबट, बिनखिडक्यांची खोली. मध्ये दगडी ओटा, त्यावर कापडाखाली काचेच्या पेटीतला तराजू. आईनं मनगटावरचं घड्याळ काढून भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं. तो खिळा तिथं आहे, हे मुलीला दोन वर्षांत दिसलं नव्हतं. मग कोपऱ्यातल्या नळावर हात धुऊन ती ते पुसत बसली; एकेक बोट, बोटांच्या बेचकीसुद्धा. कापड तिनं दोन टोकांना धरून असं उचललं की धुळीचा कणही उडाला नाही.

“आई, हात नको लावूस हं. यादीतली वस्तू आहे ती.”

“गप्प उभी राहा. तिथं नाही, पलीकडं, भिंतीला टेकून. तुझी ऊब लागते त्याला.”

घरात टीव्ही बंद करायचा तरी ‘करू का गं’ म्हणून विचारणारी ही बाई. मुलगी मुकाट्यानं भिंतीला जाऊन टेकली.

आईनं वाकून पायाचे स्क्रू पाहिले, एक केसभर फिरवला. ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ काहीच केलं नाही. मग ओट्याच्या खणातून पितळेचा एक तुकडा चिमट्यानं उचलून डाव्या पारड्यात ठेवला, उजव्या पारड्यात वजनं चढवली, काच लावली आणि कळ फिरवून काटा मोकळा सोडला. तिचा श्वास चाललाय की नाही, तेही कळेना.

“एक नंबर,” ती म्हणाली. “बारा, चार, शून्य, सात, एक. लिहू नको.”

“म्हणजे?”

“वही काढ आणि दोनपासून लिही.”

मुलीनं पिशवीतून वही काढली. आईनं काटा थांबवला, वजनं उतरवली, पुन्हा चढवली. “दोन नंबर. बारा, चार, शून्य, पाच, आठ.” मग तीन नंबर: शेवटी पाच, नऊ. मग चार: पुन्हा पाच, आठ. प्रत्येक आकडा सुटा, सावकाश, कुणीतरी लिहून घेतंय याची खात्री असल्यासारखा.

पेन वहीवर टेकवून मुलगी तशीच उभी राहिली.

“पहिलं वजन तराजूचं नसतं, आपलं असतं,” आई काटा थांबवत म्हणाली. “दार उघडलं, दिवा लावला, आपण आत आलो, काच सरकवली. ते सगळं त्या वजनात येतं. म्हणून पहिलं करायचं आणि सोडून द्यायचं. मग तराजू आपल्याला सरावतो. हाताला कळतं ते.”

“हे तुला सरांनी शिकवलं?”

“तराजू सरांनी दाखवला. हे मी सरांना सांगितलं.” आईनं उजव्या पारड्यातली वजनं उतरवली. “तुझी ती चौथी वही सोमवारी सुरू झालीय का बघ. त्या सोमवारी मी या स्टुलावर पहिल्यांदा बसले.”

मुलीला वही बघावी लागली नाही. चारशे बारा तारखा तिला पाठ होत्या. सोमवारच होता.

“पण तू तर इथं झाडायला…”

“झाडायलाच होते. पदवी नसेल त्यानं तराजूला हात लावायचा नाही, असा इथला नियम. पण सरांचा हात कापायला लागला होता. ते कुणाला सांगायची चोरी. एक दिवस मी इथल्या बाटल्या पुसत होते. त्यांनी बराच वेळ माझे हात पाहिले आणि म्हणाले, बाई, इकडे या जरा. मग दार लावून बसायचो. मी आकडे सांगायचे, ते लिहायचे. सोळा वर्षं. ते निवृत्त झाले तेव्हा मी परत झाडू हातात घेतला.”

“मला कधी बोलली नाहीस!”

“सरांना शब्द दिला होता. कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती, आणि त्यांचं कामही. सुरुवातीला भीती होती, नंतर सवय झाली.” मग हलकेच म्हणाली, “आणि तू तरी कुठं विचारलंस.”

मुलगी ओट्याशेजारी जमिनीवरच बसली. निबंधाची बारा पानं पिशवीत होती, नीट टाचलेली.

“पण मग एक नंबर सोडला कशाला?” तिनं हट्टानं विचारलं. “टाकायचंच होतं, तर दुसऱ्या वजनाला एक म्हणायचं!”

“मी हेच विचारलं होतं. सर म्हणाले, वजन झालंय ना? मग ते झालंच नाही असं वहीनं म्हणता कामा नये. आकडा लिहू नका, पण जागा सोडा.” आईनं चिमटा पुसून डबीत ठेवला. “त्यांना लपवायचं असतं, चिंगे, तर एकपासूनच नसतं का लिहिलं? कुणाच्या बापाला कळलं असतं?”

मुलीच्या मनात आलं: दोन वर्षं त्या वह्यांत डोकं खुपसून बसले, त्यांवर लिहिलेली सगळी पुस्तकं वाचली, आणि एकदाही या स्टुलावर बसून काही तोलून पाहिलं नाही. मुलीला आपली अशी लाज कधी वाटली नव्हती.

“तू वाच तुझा निबंध,” आई म्हणाली. “सर काही आता ऐकायला येत नाहीत. मी कुणाला सांगायची नाही. सवय आहे मला.”

“मग आज मला इथं आणलंस कशाला?”

आईनं पितळेचा तुकडा खणात ठेवला, खण लोटला.

“तुला तरी माहीत असावं म्हणून. ती वजनं खरी होती गं. सगळीच्या सगळी. माझा हात कधी चुकला नाही.”

हे बोलताना ती ताठ बसली होती. मुलीनं आईला इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

“सरांनी लपवलं होतंच,” मुलगी हळूच म्हणाली. “फक्त ते वजन नव्हतं.”

“मग?”

“वजन करणारी.”

आईनं विचार केला. “आम्ही दोघांनी मिळून लपवलं,” ती म्हणाली. “त्यांच्या एकट्याच्या माथी मारू नको.”

*

सोमवारी सभागृहाच्या दाराशी अध्यक्षबाईंनी मुलीचं म्हणणं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. मुलीला एम.ए.ला त्यांनीच शिकवलं होतं.

“जो निबंध पाठवला तोच वाचला, तर अभ्यासवृत्तीसाठी धरतात. बदलला तर वाचता येईल, पण तेवढंच. मला इच्छा असली तरी काही करता येणार नाही.”

“माहीत आहे, मॅडम.”

“वय किती तुझं आता?”

“तेही माहीत आहे,” मुलगी म्हणाली. अध्यक्षबाईंनी तिच्या हातातली नवी पानं पाहिली. ती हातानंच लिहिलेली होती. त्यांनी चष्मा परत लावला आणि मान हलवली.

आई मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली होती. मुलीनं व्यासपीठावरून आधी जुनं शीर्षक वाचलं. मग म्हणाली, “या निबंधातला निष्कर्ष चुकीचा आहे आणि ती चूक माझी आहे. ती कशी झाली, तेवढंच मी आज सांगणार आहे.” सभागृहात थोडी चुळबुळ झाली. परिषदांमध्ये लोक दुसऱ्यांच्या चुका सांगायला येतात. स्वतःची घेऊन आलेली कुणी बहुधा तिथं पाहिली नव्हती.

ती सांगत गेली. कापणारा हात, पदवीचा नियम, लावून घेतलेलं दार, सोमवारची तारीख, सोडलेली जागा. पाच मिनिटं झाली तेव्हा मागच्या रांगेत एक बोट वर झालं. दहाला झालं, पंधरालाही झालं. शेजारच्या माणसाला वाटलं, बाईंना काही प्रश्न विचारायचाय. अठराव्या मिनिटाला मुलगी थांबली. आपली मुलगी सगळ्या सभेसमोर एवढं सरळ बोलली, या अभिमानानं आईला खुर्चीवर बसवेना.

पहिल्या रांगेतले एक वयस्क रसायनशास्त्रज्ञ उठले. “छान आहे. पण हे तुम्हाला सांगितलं कुणी?”

“ज्यांनी वजनं केली, त्यांनी. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत.”

सगळ्या माना वळल्या. आई उभी राहिली. हातांचं काय करावं ते तिला सुचेना, म्हणून तिनं ते समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

“आपण कोणत्या पदावर होता?” त्यांनी अदबीनं विचारलं.

“कागदावर सफाई मदतनीस.”

“आणि कागद सोडून?”

आईनं एकदा व्यासपीठाकडे पाहिलं. “वजन मी करत होते,” ती म्हणाली. माइक नव्हता, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं.

ते गृहस्थ खाली बसले नाहीत. “आम्हाला दाखवाल?”

*

तळघराच्या पायऱ्या उतरताना आईनं मुलीचा दंड धरला.

“माझ्यापायी गेली की गं ती संधी.”

“शुक्रवारी पत्रक येतंच की.”

“पस्तिशीच्या पुढचं असतं का त्यात काही?”

“कार्यक्रम असतात,” मुलगी म्हणाली. “त्यांना वयाची अट नसते.” आणि दोघी तिथंच पायरीवर थांबून हसल्या. मागून येणाऱ्या विद्वानांना का थांबायचं ते कळेना, पण तेही थांबले.

खोलीत चौदा जण शिरले आणि शिकलेली माणसं शिरतात तसे थेट तराजूभोवती जमले. आईनं घड्याळ काढून खिळ्याला अडकवलं, हात धुतले, पुसले आणि वळून पाहिलं.

“सगळ्यांनी भिंतीला जाऊन उभं राहायचं,” ती म्हणाली. “दार लावा. बोलायचं नाही.”

चौदाच्या चौदा जण मागे सरले. अध्यक्षबाईंनी दार लावलं. मुलगी ओट्याच्या पलीकडच्या टोकाला, जिथं सर बसत त्या खुर्चीत बसली आणि वही उघडली. आई स्टुलावर टेकली. बराच वेळ तिनं काहीच केलं नाही. कुणालातरी खोकला येत होता, तो त्यानं गिळला. मग पितळेचा तुकडा पारड्यात गेला, वजनं चढली, काच सरकली.

“एक नंबर,” आई म्हणाली. “बारा, चार, शून्य, सहा, नऊ.”

मुलीचं पेन कागदावर चाललं.

“लिहू नको.”

“आकडा नाही लिहीत, आई.”

आईनं तिकडं पाहिलं नाही. काटा हलत असताना मान हलवायची तिला सवय नव्हती. तिनं दोन नंबर सांगितला, तीन सांगितला, चार सांगितला. पाच, आठ. पाच, आठ. पाच, नऊ. भिंतीशी उभ्या असलेल्या वयस्क रसायनशास्त्रज्ञांनी डोळे मिटून घेतले होते. आईनं काटा थांबवला, वजनं एकेक करून डबीत ठेवली, कापड दोन टोकांना धरून तराजूवर पांघरलं, आणि मगच लोकांना हलायची परवानगी मिळाली. ते तिच्याशी हात मिळवायला पुढं आले. तिनं आधी घड्याळ मनगटावर बांधलं.

सगळे वर गेल्यावर आईनं मुलीच्या नाकावरचा चष्मा काढून आपल्या डोळ्यांना लावला आणि वही जवळ ओढली. दोन, तीन, चार. आकडे बरोबर होते, अक्षर बरं होतं. त्यांच्या वर, चारशे बारा वेळा सुटलेल्या त्या जागी, एक नंबरपुढं तिचं नाव लिहिलं होतं. आडनावासकट, पूर्ण.

आईनं ते दोनदा वाचलं. मुलगी वही मिटायला गेली तेव्हा तिनं हात आडवा घातला.

“शाई वाळू दे,” ती म्हणाली.